मध्यंतरातली लिंबं

साल एकोणीसशे छप्पन्न. बेंगळुरात कॉलेजांच्या फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता आणि मध्यंतराची शिट्टी नुकतीच झाली होती. एक-एक अशी बरोबरी होती.

वसुमती लिंबाच्या फोडींचं ताट घेऊन तंबूत आली. खेळाडूंसाठी मीठ लावलेली लिंबं तिच्या घरून यायची. धाकटा भाऊ हयवदन संघात आला तेव्हापासूनचा हा रिवाज. नवे प्रशिक्षक आले तरी तेवढा राहिला होता. बाकी सगळं बदललं होतं.

सुभेदार रघुजी बेळगावच्या पलटणीतून निवृत्त होऊन आले होते. आल्या दिवशीच त्यांनी पोरांच्या घोट्यांवरच्या पट्ट्या सोडायला लावल्या. "अनवाणी खेळ संपला. आता बूट. बूट टोचतो म्हणून जो कुरकुरेल, त्यानं घरी बसायचं." दोघे कुरकुरले, दोघे घरी बसले. त्यानंतर कॉलेज एकही सामना हरलं नव्हतं.

"अक्का, लिंबं कडू निघाली तर कप गेला म्हणून समजा," असं म्हणत कप्तान बसवंतनं एकदम दोन फोडी उचलल्या.

"एकच घे. तुझ्यासारखे आणखी दहा आहेत."

"माझ्यासारखा एकच आहे, अक्का. म्हणून तर दोन."

सगळे हसले. हयवदन कोपऱ्यात बाकावर बसला होता. तो आधीपासूनच हसत होता. ओठ ताणलेले, दात दिसत होते. डोळे मात्र हसत नव्हते.

वसुमतीनं त्याच्यापुढे ताट धरलं. त्यानं फोड ओठांना लावली. ती दातांवरच अडली आणि रस हनुवटीवरून खाली ओघळला.

"तोंड उघड की रे."

"उघडत नाही, अक्का," तो दातांतूनच म्हणाला. "सकाळपासून स्वल्प धरलंय. होईल सरी, आपोआप बरं होईल."

सकाळी तो न जेवताच निघाला होता. सामन्याच्या दिवशी त्याला भूक नसायची, म्हणून तिनं आग्रह केला नव्हता.

त्यानं डावा बूट काढला आणि आत बोट घालून तळ चाचपला. मोज्यावर तळपायापाशी तपकिरी डाग होता.

"खिळा वर आलाय," तो हळूच म्हणाला. "आठवडा झाला. आता दुखत नाही. माती भरली होती."

अनवाणी खेळणारी पोरं हेच करत आली होती. काच लागली, ठेच लागली की मैदानाची चिमूटभर माती जखमेत दाबायची आणि पळत सुटायचं. त्याच मैदानात रोज सकाळी जटक्यांची, म्हणजे भाड्याच्या टांग्यांची, घोडी चरायला सोडत. वसुमतीनं त्याला कितीदा तरी ती माती लावताना पाहिलं होतं. पण मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या जटकेवाल्याचा मुलगा गेला, तेव्हा त्याचंही आधी तोंडच मिटलं होतं.

ती ताट तिथंच ठेवून सुभेदारांकडे गेली.

"काका, ह्याला बसवा. डॉक्टरकडे न्यायला हवं. पायात खिळा गेलाय, आणि तोंड उघडत नाही."

सुभेदार आले. पलटणीत त्यांनी पुष्कळ जखमा पाहिल्या होत्या. त्यांची नजर त्या मोज्यावर क्षणभर थांबली. मग ती तंबूच्या दाराबाहेर गेली. समोर टेबलावर कप ठेवला होता.

"काय रे, बूट टोचतोय?"

हयवदननं नकारार्थी मान हलवली.

"खेळणार?"

त्यानं पुन्हा मान हलवली. होय.

"बघा!" सुभेदार बाकीच्यांकडे वळले. "दात आवळून बसलाय, तोंडातून शब्द नाही. मला असे अकरा पाहिजेत." मग आवाज खाली आणून वसुमतीला म्हणाले, "पोरी, अर्धाच खेळ उरलाय. मग मी स्वतः नेतो त्याला."

"काका, आत्ताच न्या. मी पाया पडते."

शिट्टी वाजली.

हयवदननं बूट चढवला, पण नाडी बांधायला त्याला वाकता येईना. बसवंतनं खाली बसून ती बांधली. "काय लेका, नवरदेवासारखा ताठ झालास!" तो म्हणाला आणि त्याला धरून उन्हात घेऊन गेला.

हयवदनच्या पासवर बसवंतनं गोल मारला. कप कॉलेजला मिळाला. सुभेदारांनी शब्द पाळला. फोटो काढायला थांबले तेवढाच उशीर. तिथून त्याला थेट इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. आठवडा उलटायच्या आत तो गेला.

बसवंत निपाणीला परतला आणि तंबाखूच्या वखारीत लागला. चेंडूला त्यानं पुन्हा पाय लावला नाही. सुभेदार आणखी बरीच वर्षं संघ घडवत राहिले. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी ते प्रत्येक बुटात हात घालून तळ चाचपत. कुरकुरणाऱ्याला घरी बसवायचा नियम मात्र त्यांनी कधी बदलला नाही.

वसुमती त्याच कॉलेजात गणित शिकवायला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. तिच्या वर्गाच्या वाटेवर भिंतीला तो फोटो होता. फोटोत कुणी दात काढायचे नाहीत, असा सुभेदारांचा हुकूम होता. दर वर्षी एखादी नवी मुलगी त्याच्यापाशी थांबायची.

"मिस, सगळे किती गंभीर उभे आहेत ना? हा डावीकडचा एकटाच हसतोय."

"हो," वसुमती म्हणायची, आणि वर्गाकडे चालू लागायची.