काठोकाठ भरलेला पेला

लाकूड कोरायचं छोटं सीएनसी मशीन घरात बसवायचं, तर जमीन हलायला नको. म्हणून मुलगा काठोकाठ भरलेला पेला प्रत्येक खोलीत ठेवून बघत होता. पुढच्या खोल्यांत रस्त्यावरच्या गाड्यांनी पाणी थरथरलं. जागा जमली नाही, तर तो मशीन घेऊन दुसरीकडे राहायला जाणार होता. म्हणून आई सकाळपासून त्याच्या मागोमाग प्रत्येक खोलीत जात होती.

उरली मागची खोली. वडील लंगडत लंगडत इथंच येरझाऱ्या घालायचे. ते गेल्यापासून ती बंदच होती. आई त्यांच्या पलंगावर बसली. पेला तिच्यापुढे जमिनीवर. पाणी अगदी स्थिर.

“झालं काम! बाबा रागावणार नाहीत ना गं?” मुलगा हसला.

पाण्यावर मोठं वलय उठलं. मग लहान. पुन्हा मोठं, पुन्हा लहान.

“आई, पाय नको ना हलवूस.”

“अरे, मी मांडी घालून बसलेय.”

वलयं वाढत गेली. पाणी काठावरून सांडलं.

“छे, इथंही नाही जमायचं. जावंच लागणार मला.”

तेवढ्यात पाणी एकदम थांबलं.

“आता नाही हलायचं ते,” आई हळूच म्हणाली. “इथंच बसव.”

तिच्या शेजारची गादी सावकाश खाली दबत होती.