घर क्रमांक नऊ

आठव्या घराचा नारळ फुटला आणि पालखी गोदाकाकीच्या अंगणात न वळता सरळ पुढे निघाली.

पुढचा उजवा खांदा रघूचा होता. त्याचं पाऊल सवयीनं काकीच्या दाराकडे पडलं, पण मागच्यांनी दांडी सरळ रेटली आणि तो अडखळत ओढला गेला. ढोल थांबला नाही. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी ओली होती. काकीची सून मैना पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. काकीच्या हातात नारळ होता.

"तात्या, काकीचा घर ऱ्हायला!" रघू ओरडला.

गावकीचे प्रमुख सखारामतात्या पालखीच्या बाजूनं चालत होते. त्यांनी मानही वळवली नाही. "ऱ्हायला नाय. गावानं सोडलान."

सोडलं म्हणजे वाळीत टाकलं. आता काकीच्या भातलावणीला कोणी उतरणार नाही. विहिरीवर मैनेशी कोणी बोलणार नाही. उद्या त्या घरात कोणी गेलं तर उचलायला चार माणसं मिळणार नाहीत. काकीचा मुलगा शिवा मुंबईला. दोन बायकांनी करायचं काय? रघूला पक्कं ठाऊक होतं की हे कशामुळे झालं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गावाला कळलं कसं?

रघू रत्नागिरीला कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. विषय राजकीय समाजशास्त्र. गावात कोणी विचारलं तर सांगताना त्याचीच जीभ वळायची नाही. सरांनी प्रकल्प दिला होता, आपल्या गावात मत कोण ठरवतं ते शोधा. रघूला हसूच आलं. यात शोधायचं काय? मतदानाच्या आधी गावकी देवळात बसते, एक नाव ठरतं, देवापुढे नारळ ठेवला जातो. एकतीस घरांची मतं तिथंच पडतात, पेटीत नंतर. तरीही तो दिवाळीच्या सुट्टीत प्रश्नावली घेऊन घरोघर फिरला. जिथं जावं तिथं एकच उत्तर. "गावाचा ता माजा." रघू वैतागला. एवढ्यावर काय लिहिणार, कपाळ?

फक्त काकीनं त्याला आत घेतलं आणि दार ओढून घेतलं. "मी मत नाय दिला गावाच्या माणसाला. गिरणीच्या संपात माज्या शिवाच्या खोलीवर तांदूळ कुनी पोचवलान, ता मी इसरू? त्याला दिला." मग त्याचा हात धरून म्हणाली, "बाबू, माजा नाव नको हां घालू."

"नाव कुनाचाच नाय घालणार, काकी. देवाशप्पथ."

त्यानं शब्द पाळला. एकाचंही नाव लिहिलं नाही. गावाचं सुद्धा नाव 'क्ष' केलं. ज्या ओळीनं फिरला त्या ओळीनं घरांना आकडे दिले आणि घर क्रमांक नऊवर पान भरून लिहिलं. शेवटी निष्कर्ष काढला, 'नऊ सोडता येथील माणसे विचार न करता होकार देतात.' सर खूश झाले. लेख कॉलेजच्या अंकात छापून आला. तात्यांनी अंक पाहिला आणि रघूला देवळात बोलावून सगळ्यांसमोर वाचायला लावला. गावचा पोर छापून आला होता! रघूनं घसा खाकरून वाचला. घर क्रमांक नऊ आलं तेव्हा देवळात चिडीचूप झालं. तात्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. रघूला वाटलं, म्हातारा जप करतोय. आपला लेख लोकांना भिडला, असंही वाटलं. त्याच देवळातला देव आता त्याच्या खांद्यावर होता.

"तात्या, मी हितंच थांबतो," तो म्हणाला.

"थांब की. सोड खांदा," तात्या शांतपणे म्हणाले.

खांदा सोडला असता तर पालखी कलंडली असती. देव जमिनीवर. रघूनं मान वळवून काकीकडे पाहिलं. तिनं हातातला नारळ पायरीवर ठेवला होता.

"जा बाबू," काकी म्हणाली. "देव खांद्यावर हाय."

तो गेला. पुढचंच घर त्याचं स्वतःचं होतं. आई पदर खोचून दारात उभी, अण्णा हात जोडून तिच्या मागे. दोघांनीही काकीच्या अंगणाकडे पाहायचं टाळलं. पालखी अंगणात थांबली, ढोल थांबला. तात्यांनी अण्णांच्या हातून नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घालायला डोळे मिटण्याआधी एकदा रघूकडे पाहिलं.

"बा देवा महाराजा! आज तू घर क्रमांक दहाच्या दारात इलास..."

रघूचा खांदा एकदम जड झाला. शिमग्यात पालखी ज्या वाटेनं घरं घेते, त्याच वाटेनं तो प्रश्नावली घेऊन फिरला होता. गावात फिरायची दुसरी ओळ त्याला ठाऊकच नव्हती. गावालाही नव्हती.

"...हे पोर शिकलासवरला हाय, त्याचा भला कर. आनी जो कोन गावाचा शब्द मोडील, त्याला त्याची जागा दाखव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं अंगण एका आवाजात म्हणालं. त्यात रघूचाही आवाज होता.