घसरगुंडीचं उद्घाटन

घसरगुंडी मजबूत आहे, हा ठराव सोसायटीच्या कमिटीत सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत मैथिलीचं. ती कंपनीत फायबरचे तुकडे किती टिकतात हे बघायला ते भट्टीत तापवते आणि मग हातोड्याने तोडते. तोडणाऱ्याला सगळं तुटकंच दिसणार, असं चेअरमन त्र्यंबकरावांचं म्हणणं पडलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या बागेत उद्घाटन. फायबरची घसरगुंडी जुनीच, पण पिवळा रंग नवा होता. तेवढं उद्घाटनाला पुरेसं होतं. वर त्र्यंबकरावांची नात सान्वी, पहिला नंबर तिचा. खाली त्र्यंबकराव, हातात नारळ.

"काका, अजून ऐका," मैथिली म्हणाली. "आठ उन्हाळे भाजलीय ती. आतल्या काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक कडक पडलंय."

"अगं, ऊन खाऊन माणूससुद्धा टणक होतो."

"टणक झालीच आहे हो. चिवटपणा गेलाय. नुसती उभी राहील, धक्का बसला की संपली."

"ठराव झालाय, मैथिली."

"बरं. मग नारळ तरी फरशीवर नका फोडू. मान घसरगुंडीचा आहे, तिच्यावरच फोडा."

हे मात्र त्र्यंबकरावांना पटलं. पोरगी शिकलेली असून रीतीला धरून बोलत होती. सेक्रेटरी हेमाकाकूंनाही पटलं. "लिफ्टच्या वेळीही लिफ्टवरच फोडायला हवा होता," त्या हळहळल्या.

त्र्यंबकरावांनी "गणपती बाप्पा" म्हणत नारळ घसरगुंडीच्या मधोमध आपटला. "मोरया" म्हणायच्या आत कडकन आवाज आला. सवयीने टाळ्या पडल्या.

मग थांबल्या. नारळ शाबूत होता. तो घसरगुंडीतून आरपार जाऊन खालच्या वाळूत बसला होता. भोकाच्या कडेने काचेचे धागे केसांसारखे ताठ उभे राहिले होते.

"नारळच फुटला नाही," हेमाकाकू म्हणाल्या. "मग उद्घाटन झालं, की नाही झालं?"

"मतदान घ्या ना," मागून कुणीतरी म्हणालं. "झालं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

भराभर हात वर झाले.

"आजोबा, येऊ?" सान्वीने वरून विचारलं. ती केव्हाच बसली होती, पाय सोडून.

त्र्यंबकरावांचाही हात सवयीने वर गेला होता. तो त्यांनी तसाच नातीकडे वळवला.

"थांब गं माझे आई. हलू नकोस," ते म्हणाले, आणि चपला खालीच सोडून जिना चढू लागले.