थांबून घेतलेलं मशीन

"तुला खरं वाटायचं नाय," कमळाकर कपिलच्या कानाशी लागून म्हणाला, "पण ते मशीन हितं दहिवलीत उभं धरलं ना, तर तिकडं डोंगरात कोंडाण्याच्या लेण्यात बसलेला माणूस सरळ वाचत जाईल. पान संपलं की तिकडनंच हाळी देतो, उलटा रं आता."

"निम्मं वजा केलं," कपिल म्हणाला. "कोंडाणं राहू दे. नदीच्या काठापर्यंत धरतो."

पुढच्या बायकांनी मागं वळून डोळे वटारले तसे दोघं गप्प झाले. विहारात वर्षावासाचं वाचन चाललं होतं. दरवर्षी पावसाळ्याचे महिने रोज संध्याकाळी त्याच ग्रंथातलं एकेक प्रकरण वाचायचं, वस्तीनं ऐकायचं. आणि वाचायचं ते कमळाकरच्या बायकोनं, चंद्रभागेनं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती जागा तिची. मधले दोन पावसाळे तेवढे मोडले. काचबिंदूनं नजर चोरली आणि ती भिंतीला टेकून ऐकणाऱ्यांत बसू लागली. वाचणारा अडखळला की तिथूनच पुढचा शब्द सांगायची आणि पुन्हा मान खाली घालायची.

आज मात्र ती समोर बसली होती. मांडीवर पाटीएवढं काळं मशीन. आवाज जुनाच, खणखणीत.

"आता कसं वाचते बघ," कमळाकर पुन्हा कुजबुजला.

पुस्तकं वाचायचं हे मशीन घ्या, असं त्यांच्या लेकीनं, जागृतीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चंद्रभागेला मोठी अक्षरं दिसत होती. "बाबा, ह्याच्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. आईसाठी आत्ताच मागवते." कमळाकर म्हणाला, जरा थांब. रंगीत यायचंय म्हणतात. रंगीत आलं तेव्हा म्हणाला, पहिल्या तोडीचा आंबा शहाणा माणूस घेत नाही, गोडी दुसऱ्या तोडीला. मग कुणीतरी सांगितलं, दिवाळीला भाव उतरतात. दिवाळीला उतरले. मग त्याला वाटलं, अजून उतरतील. रसायनीच्या कंपनीत सारा जन्म खरेदीखात्यात काढलेला माणूस तो. घाईनं घेणारा फसतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

चंद्रभागेनं त्या साऱ्या काळात एकदाच विचारलं होतं, "अहो, ते येनार होतं ना?"

"येतंय गं. चांगलं येतंय."

गेल्या महिन्यात आलं. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर माघारी येत नाही, उरलेली तेवढी सांभाळा. किती उरलीय ते त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं अक्षर मोठ्यात मोठं करून मशीन तिच्या हातात दिलं. तिनं ते तोंडापाशी नेलं, जरा लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"दिसतंय की," ती म्हणाली.

त्या 'की'वर कमळाकर महिनाभर जगला. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, जो भेटेल त्याला त्यानं मशीनची गोष्ट ऐकवली. माणसं हसली की गोष्ट आणखी फुगवायचा. फुगवता फुगवता त्याला स्वतःला वाटू लागलं होतं, चला, उशीर झाला, पण फार नाही झाला. रात्री कूस बदलताना मात्र ती रंगीत अन् बिनरंगी मशीनं डोळ्यांपुढं ओळीनं यायची. कुठलंही एक घेतलं असतं तरी चाललं असतं.

"पण काय रं," कपिल म्हणाला, "एवढं मोठं अक्षर, तर पानात मावतं किती?"

"एका पानात चारच शब्द. पाचवा आत यायला बघतो, त्याला दाराशी थांबवायला लागतं."

जवळ बसलेली दर्शना, कपिलची सून, पदरात तोंड खुपसून हसली. "मामा, काय पन बोलता."

"खोटं वाटतं? मग जा की. तिच्या मागं उभी राहून बघ. आणि येऊन ह्या तुझ्या सासऱ्याला सांग, केवढं अक्षर हाय ते."

"आता? वाचन चाललंय ना, मामा."

"वाचन काय थांबतंय? जा गं. पानी द्यायच्या निमित्तानं जा."

दर्शना पाण्याचा तांब्या घेऊन उठली. भिंतीकडेनं पुढं गेली. कमळाकर गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला आणि कपिलला कोपरानं ढोसलं, आता ऐक म्हणून.

समोर चंद्रभागेचा आवाज एका संथ लयीत चालला होता. कुठं अडखळ नाही, कुठं दम घेणं नाही. लहान पोरंसुद्धा गप्प बसली होती. कमळाकरच्या मनात आलं, दोन पावसाळे हा आवाज भिंतीला टेकून बसला होता. आपण बसवला होता.

दर्शना तिच्या मागं वाकली. मशीनकडं बघितलं. मग चंद्रभागेच्या तोंडाकडं, मग पुन्हा मशीनकडं. तिनं तांब्या खाली ठेवला. कमळाकरनं लांबूनच हातानं विचारलं, केवढं?

पोर सरळ मनाची. तिला वाटलं, आत्यांच्या ध्यानात आलं नसेल. तिनं चंद्रभागेच्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आत्या, थांबा जरा. हे कवाच बंद पडलंय. नुसतं बॅटरीचं चित्र आलंय ह्याच्यावर. तुमी वाचताय कुठून?"