गाळलेलं पान

"दुःखाचं काही वाचू नका हं, माई," सून दारातूनच म्हणाली. "आप्पांना त्रास होईल. हलकंफुलकं असलेलं बरं."

आप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते समोर पडून सगळं ऐकत होते, आणि ही त्यांच्यादेखत खुशाल त्यांच्याबद्दल बोलत होती. पक्षाघाताने उजवा हात गेला, बोलणं गेलं, छापलेली अक्षरं मुंग्यांसारखी सैरावैरा पळायला लागली. डोकं मात्र होतं तिथेच होतं. पण हे सांगायचं कसं? तोंड उघडलं की नुसतं "आं, आं" व्हायचं, आणि लगेच कोणीतरी हनुवटी पुसायला धावायचं.

जन्मभर त्यांनी वेल्डिंगचं दुकान चालवलं आणि दुपारी काम नसलं की तिथेच बसून कादंबऱ्या वाचल्या. पुस्तकातल्या कोणाकोणासाठी तर ते शटर अर्धं ओढून ढसाढसा रडले होते. अशा माणसाला वाचून दाखवायला सुनेने काय आणलं? सदा आनंदी राहण्याचे उपाय! मुखपृष्ठावर एक माणूस उगाचच दात काढत होता. आप्पांनी ते पुस्तक डाव्या हाताने भिरकावलं. सुनेने उचलून परत ठेवलं, तर परत भिरकावलं. शेवटी माईंनी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली आणि रोज दुपारी त्यांच्या उशाशी बसून वाचायला लागल्या. तेवढाच वेळ काय तो आप्पांना आपण माणूस आहोत असं वाटायचं.

आज कादंबरीतली लहान मुलगी तापाने फणफणली होती. आई कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होती. बाप डॉक्टरला आणायला पळत सुटला होता. आप्पा श्वास रोखून ऐकत होते. आणि पुढच्याच वाक्यात बाप शांतपणे घराला रंग देत होता!

मधलं कुठे गेलं? माईंनी दोन पानं एकदम उलटली होती. हीसुद्धा! हिनेही आपल्याला कुक्कुलं बाळ ठरवलं! संताप मस्तकात गेला, घशात काहीतरी फुटलं.

"पान... गाळलंस!"

सून किंचाळतच आत आली. "आप्पा बोलले! माई, आप्पा बोलले!" तिने टाळ्या पिटल्या, फोन काढला, नवऱ्याला कळवलं. काय बोलले, याची चौकशी कोणी केली नाही. आप्पांनी पलंगावर मूठ आपटली.

"वाच!"

माईंनी सुनेला बाहेर जायला सांगितलं. दार लावलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. त्यांचा आवाज आप्पांनी कधी ऐकला नव्हता इतका करडा होता.

"तुमच्यासाठी नाही गाळलं. मला वाचवेना म्हणून गाळलं. आपली छकुली गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडून बसलात. तेव्हा तर तुमची वाचा शाबूत होती. माझ्याशी एक शब्द बोललात?"