आमच्या वेळचा ठोसा

बॉक्सिंग क्लबच्या भिंतीवर चाळीस वर्षं माझा एकट्याचा फोटो होता. गेल्या महिन्यात शेजारी नव्या चॅम्पियन पोरीचा लागला. रंगीत, माझ्या दुप्पट.

"आमच्या वेळी डोक्याला असल्या गाद्या बांधत नव्हते," मी रोज बाकावर बसून मोठ्यानं म्हणायचो. "ना डाएट, ना फिजिओ. आमच्यातल्या कुणीही हिला एका राउंडमध्ये आडवी केली असती."

ती ऐकायची, हसायची आणि दोरीवरच्या उड्या मारत राहायची. त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा.

परवा तिचे कोच आले नव्हते. तिनं ठोसे झेलायचे पॅड माझ्यापुढे केले. "काका, दोन राउंड धराल?"

मी पॅड चढवून रिंगमध्ये शिरलो. ठोसे इतके झटपट येत होते, की पॅड कुठे न्यायचा तेच कळेना. सगळी पोरं बघत होती. तेवढ्यात तिची डावी बाजू उघडी दिसली आणि मला राहवलं नाही. पॅडसकट उजवा हात खराखुरा फिरवला. याच ठोशानं मी राज्याचा चॅम्पियन झालो होतो.

ती सहज खाली वाकली. वर आली, तेव्हा तिची मूठ माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबलेली होती.

"का थांबलीस?" मी धापा टाकत ओरडलो. "आमच्या वेळी कुणी थांबलं नसतं!"

ती जवळ आली आणि पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "काका, चष्मा काढायचा राहिलाय तुमचा."