पावसाला निरोप

"मंत्राने पाऊस थांबत असता तर या देशात रेनकोट कोणी घेतला असता?" प्रताप म्हणाला.

थालीपिठाची भाजणी भिजवायची की नाही, याच विवंचनेत लतिका होती. घराजवळच्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतल्या मैदानावर दुपारी मेळा होता आणि त्यात तिचा पहिलावहिला स्टॉल. इतकी वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, एवढीच तिची इथे ओळख होती. आणि आठवडाभर ही मेली रिपरिप. पाऊस राहिला तर मेळा रद्द, असं आयोजकांनी सकाळीच कळवलं होतं.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या लिनकाकांना तिने बोलावलं होतं. ते तैवानचे, ताओ पंथाचे पुरोहित. पाऊस बोलावणं, पूर टाळणं हे त्यांच्या घराण्याचं पिढीजात काम. प्रतापच्या मते सगळं थोतांड. सुट्टीच्या दिवशी घरात धूर आणि घंटा, त्याचं डोकं उठलं होतं.

लिनकाकांनी पोथी वाचून समुद्रातल्या ड्रॅगनराजांना साकडं घातलं. रिपरिप थांबली. खिडकीत चक्क ऊन आलं.

"योगायोग," प्रताप म्हणाला.

"आता पावसाला निरोप तुम्ही द्या," लिनकाका लतिकाला इंग्रजीत म्हणाले. "तुमच्याच भाषेत. पण मान राखून. बोलाल ते जसंच्या तसं वर पोचतं."

लतिकाने ओढणी सावरून हात जोडले. लिनकाकांनी विनंतीचा पिवळा कागद पेटवला आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. प्रताप चरफडत खुर्चीवर चढला. त्या कलकलाटात ती काय बोलली, ते त्याला ऐकूही आलं नाही.

अलार्म बंद झाला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मग असा पाऊस कोसळला की समोरून जाणारी ट्राम दिसेना. लतिकाचा फोन वाजला. मेळा रद्द झाला होता. ती मटकन बसली आणि रडायला लागली.

"झालं समाधान?" प्रताप लिनकाकांवर उखडला. "सांगत होतो मी तिला."

लिनकाका गोंधळून पोथी चाळत होते. "असं कधीच झालं नाही. तिने निरोप नीट दिला ना?"

"दिलास ना गं?"

"दिला की," लतिका नाक पुसत म्हणाली. "खूप दिवस राहिलात, बरं वाटलं म्हटलं. देवाला तोंडावर 'जा' कसं म्हणणार? पाहुण्यांना म्हणतो तसंच म्हटलं, 'बरं, या मग.'"